सहा महिने पुढे असलेली माणसं

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, अंगावरून वारं गेलं, लकवा झाला आणि दवाखान्यातून घरी सोडताना आम्हाला एक डिस्चार्ज कार्ड मिळालं. त्यावर गोळ्यांची नावं होती, रक्तदाब किती राहायला हवा ते होतं, पुन्हा दाखवायला कधी यायचं ते होतं आणि सगळ्यात खाली ‘नियमित फिजिओथेरपी’ असे दोन शब्द होते. डॉक्टरांनी त्यांचं काम चोख केलं होतं, आमची काही तक्रार नव्हती. पण उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडलेल्या, वाचा गेलेल्या माणसाच्या अंगात सदरा कसा घालायचा, हे त्या कार्डावर कुठून असणार?

ते सांगितलं कोरेगावच्या काकूंनी. फिजिओथेरपीच्या बाहेर एक लांब बाकडं होतं, तिथे आई नंबर लावून बसायची आणि शेजारी काकू. सदरा घालताना आधी दुखऱ्या हातात बाही चढवायची, मग चांगल्या हातात. काढताना उलटं, दुखरा हात शेवटी. उठवताना बगलेत हात घालून कधीच ओढायचं नाही, लुळ्या हाताचा खांदा सांध्यातून खाली उतरतो आणि मग ते दुखणं महिनोन् महिने पुरतं. झोपवताना त्या हाताखाली उशी ठेवायची. पाणी पाजताना मान वर करू द्यायची नाही, हनुवटी छातीकडे झुकलेली हवी. साधं पाणी ठसका लावतं, पेज आणि घट्ट ताक त्यापेक्षा सोपं जातं. जेवण झालं की दुखऱ्या बाजूच्या गालात बोट फिरवून बघायचं, घास तिथेच साठून राहतो आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. घास किंवा पाणी श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो, आणि लकवा झालेली कितीतरी माणसं लकव्यातून वाचून या न्यूमोनियाने जातात.

काकूंचं शिक्षण सातवीपर्यंत. हे सगळं त्या नवऱ्याचं करता करता शिकल्या होत्या, आणि त्यांनाही त्यातलं निम्मं आणखी कुणीतरी बाकड्यावरच सांगितलं होतं. काकांना झटका आला तो अण्णांच्या सहा महिने आधी. त्या सहा महिन्यांचं मोल मला तेव्हा कळलं. पाच वर्षं पुढे असलेला माणूस पहिले दिवस विसरलेला असतो. आपल्याच बरोबरीने सुरुवात केलेला माणूस आपल्याइतकाच घाबरलेला असतो. सहा महिने पुढे असलेल्या माणसाला मात्र सगळं लख्ख आठवत असतं आणि त्याचा हात आता थरथरत नसतो.

त्या बाकड्यावरून आमचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. काकू, वाईचे सर आणि त्यांच्या बायको, फलटणची एक ताई जिच्या नवऱ्याला चाळिशीतच झटका आला, कऱ्हाडचं एक कुटुंब ज्यांची मुलगी मेलबर्नला असते. ही मुलगी आमच्या फार उपयोगाची ठरली. आपल्याकडे पहाटेचे तीन वाजलेले असतात तेव्हा तिच्याकडे सकाळ उजाडून गेलेली असते. रात्री कुणी लिहिलं की आज यांनी अंथरूण तिसऱ्यांदा ओलं केलं आणि मला रडू येतंय, तर त्याला लगेच उत्तर येतं. तिच्या आईचं सगळं तिचा भाऊ आणि भावजय करतात. लांब राहणाऱ्या लेकीला फोनवर नुसतं ‘बरी आहे’ एवढंच ऐकायला मिळायचं; आता ती ग्रुपवर विचारते, समजून घेते आणि मग भावजयीला त्रास न देता मदतीचं बघते. कमोडची खुर्ची, रात्रपाळीला ब्युरोची बाई, पायाला बांधायचा स्प्लिंट, यातलं बरंचसं तिने तिकडून उभं केलं.

अशा ग्रुपमधून घातकही काही पसरू शकतं, हे मात्र फार लवकर लक्षात आलं. लकवा म्हणून ज्याला आपण एकच नाव देतो ते मुळात दोन वेगळे आजार आहेत. बहुतेकांच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते, उरलेल्यांची रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव झालेला असतो. गुठळीवाल्याला रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर लागते. तीच गोळी दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते. कऱ्हाडच्या आजींचा रक्तस्राव होता, अण्णांची गुठळी. बाहेरून बघितलं तर दोघांचं वाकडं झालेलं तोंड सारखंच दिसतं. म्हणून सरांनी ग्रुपचा पहिला नियम घातला: गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटो टाकायचा नाही, आणि कुणाचं बघून स्वतःची गोळी चालू किंवा बंद करायची नाही. सर गणिताचे शिक्षक होते, त्यांचा शब्द कुणी मोडत नाही.

पारव्याच्या रक्ताचंही आलं. आपल्याकडे अजून कुणी ना कुणी सांगतंच की पारव्याचं रक्त चोळा, मटण खाऊ घाला, अंगात ऊब येते. याचा मला मनापासून राग येतो, कारण पहिल्या साडेचार तासांत दवाखान्यात पोचलं तर गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन देता येतं, आणि या उपायांच्या नादात ते तास निघून जातात. मेंदूची मुख्य वाहिनी बंद पडली की मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात. पारवा शोधायला किती मिनिटं लागतात?

बुटाटीबद्दल मात्र मला तितकं कठोर होता येत नाही. राजस्थानात नागौर जिल्ह्यात बुटाटी धाम आहे. लकव्याचे रोगी तिथे सात दिवस राहतात, देवळाला फेऱ्या घालतात. ग्रुपमधले एक जण जाऊन आले आणि वडिलांना फरक पडला म्हणाले. लकव्यात पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते, त्या काळात जे काही केलं त्याला श्रेय मिळतं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, “ताई, तिथं बाबांकडे कुणी वळून वळून बघितलं नाही. सगळेच तसे. बाबा पहिल्यांदा चारचौघांत जेवले.” यावर माझ्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं. गोळ्या चालू ठेवून जायचं असेल तर जाऊ द्यावं, असं मला आता वाटतं.

दुसरा त्रास तुलनेचा. “आमचे तर तीन महिन्यांत चालायला लागले” हे वाक्य कुणी चांगल्या मनाने लिहितं आणि ते वाचून दुसऱ्या घरात चूल पेटत नाही. मेंदूचा कुठला भाग गेला, किती गेला, वय काय, साखर होती का, यावर सगळं ठरतं. माणसाच्या जिद्दीवर फार थोडं. जिद्दीच्या गोष्टी सांगणाऱ्यांना हे कळत नाही की ज्याचा हात उघडत नाही त्याने जिद्द कमी केली असा त्याचा अर्थ होतो. फलटणच्या ताईने एकदा हे ग्रुपवर स्पष्ट लिहिलं, तेव्हापासून आम्ही आकडे टाकणं बंद केलं. काय जमलं ते लिहायचं, किती दिवसांत ते नाही.

घरच्यांनी मनापासून केलं की माणूस उभा राहतोच, असंही आपल्याकडे समजतात. भारतात याचीच मोठी चाचणी झाली. १४ रुग्णालयांत १,२५० रुग्ण घेतले. निम्म्यांच्या घरच्यांना दवाखान्यातच व्यायामाचं आणि काळजी घेण्याचं शिक्षण दिलं, मग घरी जाऊनही थोडे दिवस शिकवलं. २०१७ साली निकाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. सहा महिन्यांनंतर दगावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचं प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के. काहीच फरक नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आईला सांगायचं धाडस झालं नाही. नंतर सांगितलं, तर ती म्हणाली, “म्हणजे मी कमी पडले म्हणून ते चालत नाहीत असं नाही ना?” मला त्या अभ्यासातून यापेक्षा मोठं काही निघेल असं वाटत नाही. थेरपिस्टचं काम बायकोच्या अंगावर टाकून ते होत नाही. आणि आमच्या ग्रुपनेही कुणाचा हात उघडत नाही. ग्रुप त्यासाठी नाहीच.

तो कशासाठी आहे ते मला अण्णांच्या बोलण्यामुळे उमगलं. अण्णांना अफेझिया झाला. डोकं शाबूत, माणसं ओळखतात, बोललेलं बहुतेक समजतं, पण शब्द सापडत नाही. १८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या डॉक्टरने असा एक रोगी तपासला. तो एकवीस वर्षं तिथे होता आणि त्याला ‘टॅन’ एवढंच म्हणता यायचं, म्हणून सगळे त्यालाच टॅन म्हणत. समोरचा काय म्हणतो ते त्याला कळायचं. तो वारल्यावर ब्रोकाने मेंदूत डाव्या बाजूला पुढे बिघडलेली जागा दाखवली आणि वाचेची जागा म्हणून ती जगाला माहीत झाली. एकवीस वर्षं सगळं समजत असताना एकच अक्षर. अण्णांकडे पहिले काही आठवडे ‘चला’ होता. भूक लागली की चला, लघवीला जायचं की चला, आई रडत असली की तिच्याकडे बघून हळू आवाजात चला.

स्पीच थेरपिस्टची वेळ आमच्या भागात सहज मिळत नाही. मुंबईला वांद्र्यात अली यावर जंग संस्था आहे, तिथे वाचेवर काम होतं, हे आम्हाला ग्रुपवरच कळलं. पण आठवड्याला मुंबई गाठणं आमच्याच्याने होण्यासारखं नव्हतं. काकांनाही अफेझिया होता. काकू म्हणाल्या, त्यांना माझं नाव घेता येत नाही पण बेचा पाढा घडाघडा येतो. “तुमच्या अण्णांना काय पाठ होतं? ते तुम्ही सुरू करून द्या आणि मधेच थांबा.”

आईने आरती म्हणून बघितली. अण्णांनी नुसता सूर धरला, शब्द आला नाही. अण्णा देवदेव करणारे नव्हतेच कधी, ते एसटीत कंडक्टर होते. जन्म स्वारगेट–सातारा गाडीत गेला. मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, स्वारगेट, कात्रज... आणि थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “खेड शिवापूर.” मग थांबलेच नाहीत. नसरापूर फाटा, कापूरहोळ, शिरवळ, खंडाळा, सुरूर, भुईंज, पाचवड, सातारा. शेवटच्या साताऱ्याला त्यांनी डावा हात वर केला, घंटीची दोरी ओढायला करायचे तसा. आई स्वयंपाकघरातून धावत आली.

मी लगेच विचारलं, अण्णा, खंडाळ्याच्या आधी कुठला स्टॉप? काही नाही. कासावीस झाले, शब्द नाही. पाठ असलेलं मेंदूत वेगळ्या वाटेने येतं. पाढे, आरत्या, वारांची नावं, शिव्यासुद्धा. मनातलं बोलायला लागणारी वाट ती नव्हे. गाण्याच्या सुरावरून बोलण्याकडे नेण्याची एक पद्धत बोस्टनच्या डॉक्टरांनी १९७३ साली मांडली, तीही अशाच निरीक्षणातून आली: ज्यांना बोलता येत नाही त्यांना गाता येतं. आम्ही गाण्याऐवजी गाडी घेतली. महिनाभराने एका दुपारी अण्णा आपणहून सुरू झाले, स्वारगेट, कात्रज, सगळे स्टॉप घेत घेत भुईंजला येऊन थांबले. पाचवड नाही, सातारा नाही. पुन्हा स्वारगेटपासून, पुन्हा भुईंजला थांबले आणि टेबलावरच्या फोनकडे बोट केलं. भुईंजला त्यांची बहीण राहते. आम्ही अक्कांना फोन लावला. अण्णांनी फोन कानाला धरून बराच वेळ नुसतं ऐकलं.

हे मी ग्रुपवर लिहिलं आणि मग माझ्या ध्यानात आलं की अण्णांबद्दलची ही सगळ्यात मोठी बातमी अण्णांनाच वाचता येत नाही. अफेझियात बहुतेकांचं वाचणं-लिहिणंही जातं किंवा अडखळतं. आमचा सगळा ग्रुप लिखाणाचा. त्यात आम्ही होतो, एक सर सोडले तर ज्यांचा आजार होता ते नव्हते. त्यांच्याबद्दल बोललं जात होतं, पुष्कळदा त्यांच्या उशाशी बसून, आणि “यांना काही कळत नाही हो” असंही, त्यांना कळत असताना.

फलटणच्या ताईने रविवारचा व्हिडिओ कॉल सुरू केला तो यातून. अर्धा तासच, कारण लकव्यानंतर मेंदू फार लवकर थकतो. बघणाऱ्याला वाटतं आळस आहे, पण तो थकवा खरा असतो आणि झोपेनेही पुरता जात नाही. नियम एकच: घरच्यांनी शेजारी बसायचं पण शब्द पुरवायचा नाही. आईला हे फार जड गेलं. अण्णा ओठ हलवायला लागले की तिच्या तोंडातून शब्द निघायचाच. कॉलवर सुरुवातीला नुसती शांतता असायची. काका पडद्याजवळ येऊन बघायचे. मग एका रविवारी काकांनी डावा हात पुढे करून उजव्या हाताची मिटलेली बोटं एकेक करून उघडून दाखवली आणि करंगळी आपोआप थोडी हलली. अण्णांनी आपला हात बघितला. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्टने न सांगता त्यांनी बोटं उघडायचा व्यायाम केला. आम्ही हेच महिनाभर विनवत होतो.

सरांचं वेगळं. त्यांना बोलता येतं, पण मेंदूची उजवी बाजू गेल्याने डावीकडचं जगच त्यांच्या लक्षात येत नाही. ताटातली उजवीकडची आमटी-पोळी संपते, डावीकडचा भात तसाच राहतो आणि ते म्हणतात, भात वाढला नाही. डोळे ठीक आहेत, लक्ष तिकडे जात नाही. त्यांच्या मुलाने पेपराच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवायला सुरुवात केली. पट्टी दिसेपर्यंत मान वळवायची आणि मग ओळ सुरू करायची. कॉलवर ते पट्टी लावलेला पेपर दाखवून बातम्या वाचतात. अण्णा आणि काका ऐकतात. सर बोलू शकतात आणि त्यांना बोलता येत नाही, याची सुरुवातीला मला थोडी धास्ती होती. पण सर मधेच अडखळले, अर्धी ओळ सोडून पुढे गेले की काका हात वर करतात. आपल्याला जे दिसलं ते सरांना दिसलं नाही, हे काकांना कळतं.

अशा आजारात शेजारपाजारच्यांना काय करता येतं याचं एक उदाहरण मला फार जवळचं वाटतं. ऑस्कर मिळवलेली अमेरिकन अभिनेत्री पॅट्रिशिया नील हिला १९६५ च्या फेब्रुवारीत, पोटात मूल असताना, मेंदूत लागोपाठ रक्तस्राव झाले. वय ३९. तीन आठवडे बेशुद्ध. शुद्धीवर आली तेव्हा उजवी बाजू गेलेली आणि शब्द गेलेले. इंग्लंडमधल्या ग्रेट मिसेंडेन गावात तिला घरी आणल्यावर नवऱ्याने शेजारणींच्या पाळ्या लावल्या. एक यायची पत्ते खेळायला, एक वाचून दाखवायला, एक कोडी घालायला. यातली व्हॅलरी ईटन ग्रिफिथ ही कसलंही वैद्यकीय शिक्षण नसलेली शेजारीण तिच्याबरोबर दीर्घकाळ टिकली. ऑगस्टमध्ये पॅट्रिशियाला धडधाकट मुलगी झाली, १९६८ मध्ये ती पुन्हा पडद्यावर दिसली. ग्रिफिथने हीच पद्धत पुढे इतर रोग्यांसाठी वापरली आणि सत्तरच्या दशकात ब्रिटनमध्ये स्वयंसेवकांची योजना उभी राहिली. पॅट्रिशियाकडे पैसा होता, वय तिच्या बाजूने होतं, तिचा नवरा फार कठोरपणे तिच्याकडून करून घ्यायचा आणि तिला त्याचा रागही यायचा. मला त्यातलं एवढंच घ्यावंसं वाटतं की रोज कुणीतरी नवं माणूस दारात यायचं. घरच्यांशी खुणांनी भागतं. परक्याशी बोलायचं तर शब्द शोधावा लागतो.

आजारी माणसाचं करणाऱ्यांना मात्र वेगळं बोलणं लागतं, तेही तितकंच खरं. लकव्यानंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येतं आणि त्यावर औषध आहे. काहींना कारण नसताना हसू किंवा रडू फुटतं. फलटणच्या ताईचा नवरा मुलाच्या वाढदिवसाला ढसाढसा रडला, सगळे पाहुणे गप्प झाले. मेंदूची दोरी सुटल्यामुळे असं होतं, दुःख असेलच असं नाही, हे तिला डॉक्टरांनी नंतर समजावलं आणि आता ती पाहुण्यांना आधीच सांगून ठेवते. पण तिला स्वतःला काय होतं ते विचारणारं कोण? बायकांचा एक छोटा वेगळा ग्रुप आहे, त्यात नवऱ्यांचं नाव काढायचं नाही असं ठरलंय आणि अर्थातच तेच निघतं. मला यांचा कंटाळा आलाय, असं तिथे लिहिता येतं. घरात म्हणता येत नाही, माहेरी तर त्याहून नाही. दिव्यांग प्रमाणपत्राची माहितीही तिथेच मिळाली. २०१६ च्या कायद्यात अफेझियाचं नाव घालून वाचेचं दिव्यांगत्व धरलंय, ते हातापायाच्या दिव्यांगत्वाबरोबर मोजायला सांगा, असं एकीने लिहिलं, नाहीतर आम्ही फक्त पायाचं लिहून आलो असतो. कार्ड आलं तेव्हा अण्णांनी ते बराच वेळ हातात धरलं. सवलतीची तिकिटं त्यांनी जन्मभर दिली होती.

आई या माघात माहेरच्या जत्रेला गेली. अण्णा आजारी पडल्यापासून ती घरातून रात्री बाहेर राहिली नव्हती. मी होते, पण मला रात्रीची उठबस एकटीला झेपेल याची तिला खात्री नव्हती आणि ब्युरोची बाई अण्णांना चालत नाही. कोरेगावच्या काकू काकांना घेऊन आमच्याकडे राहायला आल्या. दोन पलंग, दोन कमोडच्या खुर्च्या, दोघांच्या गोळ्यांचे दोन वेगळे डबे, त्यावर काकूंनी मोठ्या अक्षरांत नावं लिहिली. काका आणि अण्णा दिवसभर पत्ते घेऊन बसले. पुढच्या महिन्यात काकूंना पंढरपूरला जायचंय. काका आमच्याकडे येणार आहेत, आणि काकूंनी आत्तापासूनच आईला सांगून ठेवलंय की त्यांना रात्री दूध पातळ द्यायचं नाही.